विश्लेषण : रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे कोण होते? त्यांच्या पाच मागण्यांचे पुढे काय झाले?

आठवड्याची सुटी, जेवणाची वेळ, कामाचे तास, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ मध्ये मागितलेल्या या पाच गोष्टी कायद्यात यायला किती वर्षे लागली, याचा हा आढावा.

दरवर्षी १० जून जवळ आला की समाजमाध्यमांवर एक संदेश फिरू लागतो. रविवारची सुटी भारताला याच दिवशी मिळाली आणि ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली, असे त्यात म्हटलेले असते. संदेशातील नाव बरोबर आहे, तारीखही बरोबर आहे. मात्र त्या दिवशी नेमके काय ठरले, कोणासाठी ठरले आणि त्याआधी व नंतर काय घडले, हे त्यात नसते. लोखंडे यांनी केवळ सुटी मागितली नव्हती. त्यांच्या मागण्या पाच होत्या आणि सुटी ही त्यातली पहिली. उरलेल्या चारही मागण्या आजच्या नोकरदाराला ओळखीच्या वाटतील अशा आहेत.

लोखंडे यांची पार्श्वभूमी काय?

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील. शिक्षण बेताचेच झाले, पण त्या काळात तेवढ्यावर कारकुनी मिळत असे. रेल्वे आणि टपाल खात्यात त्यांनी काही काळ नोकरी केली. नंतर ते मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले.

ही नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. स्टोअरकीपर हा ना यंत्रावरचा कामगार, ना मालकाच्या बाजूचा साहेब. गिरणीत येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचा हिशेब ठेवताना त्याला सगळी खाती दिसतात. कोण किती वाजता आले, कोणाचा पगार कापला गेला, कोणाला कामावरून काढले, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. लोखंडे यांना गिरणीची ओळख झाली ती अशी. पुढे त्यांनी लिहिले आणि मागितले त्यातला बराचसा भाग या रोजच्या व्यवहारातून आलेला होता.

याच सुमारास ते महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांकडे ओढले गेले. फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढे समाजाचे काम मुंबईतही सुरू झाले आणि लोखंडे त्यातील प्रमुख कार्यकर्ते बनले.

गिरणीतील नोकरी कशी होती?

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये केली आणि १८५६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या. १८९० पर्यंत शहरातील गिरणी कामगारांची संख्या सुमारे ६० हजारांवर पोहोचली होती. कोकण, सातारा, पुणे या भागांतून माणसे येत आणि परळ, लालबाग, भायखळा परिसरातील चाळींत एकेका खोलीत दाटीवाटीने राहत.

गिरण्यांत अजून विजेचे दिवे आलेले नव्हते. त्यामुळे कामाची वेळ सूर्य ठरवत असे. उजाडले की यंत्रे सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तासांपर्यंत लांबे. हिवाळ्यात ते कमी होई. कामगारांकडे घड्याळे नव्हती. उशीर झाला तर दंड होईल किंवा दिवस बुडेल या भीतीने अनेक जण पहाटेच घर सोडत आणि फाटकाबाहेर ताटकळत बसत.

दुपारी यंत्रे थांबतीलच याची खात्री नव्हती. शेजाऱ्याला आपल्या यंत्राकडे लक्ष ठेवायला सांगून कामगार तिथेच चार घास खाऊन घेई. हवेत कापसाचे तंतू उडत असत. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. बायका प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत. लहान मुलेही कामाला असत.

सुटीचा तर हिशेबच नव्हता. सणावाराला गिरणी बंद राहिली की त्याचा मोबदला म्हणून येत्या रविवारी यंत्रे चालवली जात. एखाद्या रविवारी गिरणी बंद असली तरी यंत्रे साफ करण्यासाठी सकाळी माणसे बोलावली जात. म्हणजे सुटी कागदावर आणि कामगार गिरणीत, असा प्रकार होता.

पगार अडकवून ठेवण्याची पद्धत काय होती?

गिरणी कामगाराच्या तक्रारींच्या मुळाशी पगाराची रक्कम जेवढी होती, तेवढीच पगाराची तारीखही होती. महिनाभराचे काम झाल्यावर त्याचा पगार पुढच्या महिन्यात बऱ्याच उशिरा मिळे. समजा, एखादा माणूस एक तारखेला कामाला लागला आणि गिरणीने त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला दिला. म्हणजे पहिला पैसा हाती पडेपर्यंत जवळजवळ सात आठवडे गेले. तेवढे दिवस खायचे काय? तर चाळीखालच्या वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडून व्याजाने पैसे. पगार झाला की आधी त्यांची देणी भागवायची. त्यात पगार संपला की पुन्हा उधारी.

या उशिराचा मालकाला आणखी एक फायदा होता. कामगाराचे काही आठवड्यांचे पैसे कायम गिरणीकडे अडकलेले असत. रीतसर सूचना न देता नोकरी सोडली तर ते जप्त होत. दुसऱ्या गिरणीत चांगले काम मिळत असले तरी हातचे पैसे सोडून जाणे परवडत नसे. शिवाय खाडे आणि दंड होतेच. एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचा पगार कापणे, खराब निघालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करणे, असे प्रकार गिरण्यांत चालत.

नोकरी मिळवणे हेही सरळ नव्हते. भरती जॉबर म्हणजे मुकादमाच्या हातात असे. तोच माणसे आणी, तोच कामावर ठेवी, तोच काढी. काम मिळावे आणि टिकावे म्हणून त्याला दस्तुरी द्यावी लागे. अनेकदा कर्ज देणाराही तोच असे. मालकाच्या कार्यालयापर्यंत कामगाराची तक्रार पोहोचायची तर तीही जॉबरमार्फतच, आणि तक्रार बहुधा जॉबरचीच असे.

‘दीनबंधू’चा यात काय वाटा होता?

‘दीनबंधू’ हे साप्ताहिक कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केले होते. सत्यशोधक समाजाचे विचार मांडणारे हे पत्र पैशांअभावी अडचणीत आले. १८८० मध्ये ते मुंबईला आले आणि लोखंडे त्याचे संपादक झाले. मुंबईतील तेलुगू समाजातील सत्यशोधक कंत्राटदारांची त्यांना या कामात मदत झाली. मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळपास १७ वर्षे, लोखंडे यांनी हे पत्र चालवले.

त्या काळात मराठी वृत्तपत्रांचा वाचक प्रामुख्याने शिकलेला, वरच्या जातींतला होता. ‘दीनबंधू’त शेतकरी, कारागीर आणि गिरणी कामगार यांच्या प्रश्नांना जागा मिळाली. बहुसंख्य कामगारांना वाचता येत नव्हते. तरीही त्यांचे गाऱ्हाणे छापून येऊ लागले, आणि सरकारी अधिकारी देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवून असल्याने ते सरकारपर्यंतही जाऊ लागले. लोखंडे यांच्याकडे पैसा नव्हता, कोणते पदही नव्हते. पत्र मात्र हातात होते.

१८८१ चा कारखाना कायदा अपुरा का होता?

गिरण्यांतील परिस्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने १८७५ मध्ये पहिला आयोग नेमला. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणी मालकांनीही आपली संघटना उभी केली. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणण्याचा प्रयत्न केला, पण तो पुढे गेला नाही. अखेर १८८१ मध्ये देशातील पहिला कारखाना कायदा झाला.

या कायद्याने ७ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली. ७ ते १२ वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा, एक तासाची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्या ठरल्या. धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूदही होती. पण कायदा १०० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. प्रौढ पुरुष आणि स्त्रियांच्या कामाच्या तासांबद्दल, सुटीबद्दल किंवा पगाराबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. गिरणीत राबणाऱ्या बहुतेकांसाठी या कायद्याने काहीच बदलले नाही. लोखंडे यांचा पुढचा लढा या उणिवेतून सुरू झाला.

१८८४ च्या पाच मागण्या कोणत्या?

कायद्यात दुरुस्ती करावी का, हे तपासण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमला. आयोगापुढे मालक आणि अधिकारी बोलणार हे उघड होते. कामगारांचे म्हणणे कोण मांडणार, हा प्रश्न होता. लोखंडे यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबाग येथे गिरणी कामगारांची सभा घेतली. तीन दिवसांनी, २६ तारखेला, पुन्हा सभा झाली. त्यातून एक निवेदन तयार झाले आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेण्यात आल्या. त्यातील मागण्या अशा :

१. प्रत्येक रविवारी सर्व कामगारांना पूर्ण दिवस सुटी मिळावी.

२. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी.

३. गिरणीचे काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.

४. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा.

५. कामावर गंभीर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

या यादीत पगारवाढ कुठेच नाही, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. मागितले होते ते नियम. काम कधी सुरू होणार, कधी संपणार, कधी थांबणार, पैसे कोणत्या तारखेला मिळणार आणि हात यंत्रात सापडला तर घर कसे चालणार, एवढेच कामगारांना निश्चित करून हवे होते. १५ तारखेची मागणी तर आज फारच माफक वाटेल. पण उधारीवर जगणाऱ्या घरासाठी तारीख पक्की होणे हीसुद्धा एक प्रकारे कमाईच होती.

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने केलेल्या या कामातूनच ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ हे नाव पुढे आले. संघटनेच्या स्थापनेचे वर्ष काही ठिकाणी १८८४ तर काही ठिकाणी १८९० दिले जाते.

मागण्यांना विरोध कोणाचा होता?

मालकांचा विरोध अपेक्षितच होता. त्यांचा मुद्दा असा की, मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा लँकेशायरच्या गिरण्यांशी आहे आणि भारतात कारखाना कायदे व्हावेत यासाठी दबाव आणणारे लँकेशायरचेच मालक आहेत. या मुद्द्यात तथ्य होते. भारतीय कामगाराच्या हालांबद्दल इंग्लंडमध्ये बोलणाऱ्या सगळ्यांचा हेतू निर्मळ नव्हता. मुंबईचे कापड महाग झाले तर त्यांना ते हवेच होते.

याच कारणाने अनेक राष्ट्रवादी नेते आणि वृत्तपत्रेही कारखाना कायद्यांच्या विरोधात होती. देशी उद्योग नुकता उभा राहतो आहे, त्याला परक्या सरकारच्या कायद्याने जखडू नये, अशी त्यांची भूमिका होती. लोखंडे यांची अडचण इथे होती. कायदा मागितला तर इंग्रज गिरणी मालकांचे फावते, आणि न मागितला तर चौदा तास राबणारा माणूस तसाच राहतो. त्यांनी कामगाराची बाजू धरली. देशी मालकाच्या नफ्याचा भार देशी कामगारानेच का सोसायचा, हा त्यांच्या भूमिकेमागचा प्रश्न होता. १८८४ च्या आयोगानंतर मात्र कायद्यात लगेच बदल झाला नाही. निवेदन पडून राहिले.

१० जून १८९० रोजी नेमके काय घडले?

पुढची सहा वर्षे अर्ज, निवेदने आणि सभा सुरू राहिल्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला मोठी सभा झाली. तिला सुमारे दहा हजार कामगार आले होते. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत गिरणीतल्या स्त्रीने हजारोंच्या सभेत उभे राहून बोलणे ही मोठी घटना होती. आठवड्याच्या सुटीची मागणी करणारे निवेदन गिरणी मालकांच्या संघटनेकडे पाठवण्यात आले.

१० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने ही मागणी मान्य केली. मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारी सुटी देण्याचे ठरले. म्हणजे हा निर्णय सरकारचा नव्हता आणि संपूर्ण देशासाठीही नव्हता. ब्रिटिशांच्या सरकारी कार्यालयांत रविवारची सुटी त्याआधीपासूनच होती. ती नव्हती ती गिरणीत घाम गाळणाऱ्यांना. समाजमाध्यमांवरील संदेशात हा फरक पुसला जातो. प्रत्यक्षात तोच महत्त्वाचा आहे, कारण कारकुनाला मिळणारी सुटी यंत्रावरच्या माणसालाही मिळावी, हे त्या दिवशी पहिल्यांदा मान्य झाले.

रविवारच का, याचेही एक स्पष्टीकरण सांगितले जाते. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे बहुजन समाजातील कामगारांना तो आपला वाटला, असे म्हणतात. कुटुंबासाठी आणि समाजाच्या कामासाठी आठवड्यातला एक दिवस मोकळा असावा, हा त्यामागचा विचार होता.

१८९१ च्या कायद्यात लोखंडे यांचा सहभाग कसा होता?

मार्च १८९० मध्ये बर्लिन येथे कामगार प्रश्नांवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. त्यानंतर वसाहतींतील कारखान्यांबाबत ब्रिटनवर दबाव वाढला. भारत सरकारने त्याच वर्षी लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सोराबजी बंगाली त्याचे सदस्य होते आणि मुंबईतील कामकाजासाठी लोखंडे यांना जोड सदस्य म्हणून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी आयोगाच्या दारात निवेदन दिले होते, ते आता आयोगासोबत बसून कामगारांच्या साक्षी ऐकत होते.

१८९१ मध्ये सुधारित कायदा झाला आणि १ जानेवारी १८९२ पासून तो लागू झाला. आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आता कायद्यात आली. स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घालण्यात आली. मुलांचे किमान वय ९ झाले आणि ९ ते १४ वयाच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. कायदा ५० किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांना लागू झाला. पुरुषांच्या तासांवर मात्र कोणतीही मर्यादा आली नाही. पगाराची तारीख आणि अपघाताची भरपाई या मागण्या तशाच राहिल्या.

ही खरोखर कामगार संघटना होती का?

लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हटले जाते. यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. त्यांच्या संघटनेकडे सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता आणि लिखित नियमही नव्हते, अशी नोंद त्याच काळातील सरकारी अहवालात आहे. आजच्या अर्थाने पाहिले तर १९१८ मध्ये स्थापन झालेली मद्रास लेबर युनियन ही पहिली नियमित संघटना मानली जाते. अखिल भारतीय पातळीवरची आयटक १९२० मध्ये आली. त्याआधी कामगार आंदोलने नव्हती असेही नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८७७ मध्येच वेतनावरून संप झाला होता.

पण नोंदवही नव्हती म्हणून संघटना नव्हती, असे म्हणणेही पुरेसे नाही. सभासद म्हणून नाव लिहिणे म्हणजे जॉबरच्या हाती कामावरून काढायची यादी देणे, अशी तेव्हाची स्थिती होती. संघटना करण्याच्या हक्काला कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने. लोखंडे यांनी संप उभारला नाही, हे खरे आहे. सभा, सह्या, वृत्तपत्र आणि आयोग ही त्यांची साधने होती. त्या साधनांनी साडेपाच हजार माणसे कागदावर आणि दहा हजार माणसे मैदानात आली. कामगारांचे म्हणणे कामगारांच्या नावाने मांडले गेले.

गिरणीबाहेर त्यांनी काय केले?

सत्यशोधक विचारांचे असल्याने लोखंडे यांनी गिरणीबाहेरच्या अन्यायांकडेही लक्ष दिले. विधवांचे केशवपन करण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी १८९० मध्ये मुंबईतील न्हाव्यांना संघटित केले. हे काम आपण करणार नाही, असे न्हाव्यांनी ठरवले. प्रथा ज्यांच्या हातून पार पडते त्यांनीच हात आखडता घ्यायचा, असा हा मार्ग होता. आपल्याला करायला लागणारे काम अन्यायाचे असेल तर ते नाकारण्याचाही हक्क असतो, हा विचार त्यात होता.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. गिरणगावही त्यात होरपळले. दोन्ही समाजांतील कामगार एकाच छपराखाली काम करत होते. लोखंडे यांनी राणीच्या बागेत सलोख्यासाठी मेळावा घेतला. पुढे १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

प्लेगच्या साथीत काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी साथीचे निदान केले. काही महिन्यांत शहर ओस पडू लागले. कामगार मोठ्या संख्येने गावी परतले आणि गिरण्यांत माणसे मिळेनाशी झाली. लोखंडे मात्र शहरातच राहिले. त्यांनी मराठा रुग्णालय सुरू करून रुग्णसेवेचे काम हाती घेतले. त्याच कामात त्यांना लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय पन्नाशीच्याही आत होते. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचाही मृत्यू झाला.

नेमक्या याच दिवसांत गिरण्यांमध्ये एक वेगळी गोष्ट घडत होती. माणसे मिळत नसल्याने मालक एकमेकांचे कामगार पळवू लागले. कामगारांनी रोजच्या रोज पैसे मागितले आणि मालकांनी ते दिले. महिना-दीड महिना पगार अडकवून ठेवल्याशिवाय गिरणी चालूच शकत नाही, असा जो समज होता तो काही आठवड्यांत खोटा ठरला. साथ ओसरल्यावर मालकांनी पुन्हा महिन्याची पद्धत आणली. त्यावरून त्याच वर्षी काही गिरण्यांत संपही झाले.

पाच मागण्यांचे पुढे काय झाले?

मागण्यांचा पुढचा प्रवास कायद्यांच्या वर्षांवरून स्पष्ट होतो.

- आठवड्याची सुटी : १८९० मध्ये मालकांची मान्यता, १८९१ मध्ये कायदा. लागलेली वर्षे ७.

- दुपारची विश्रांती : १८९१ चा कायदा. लागलेली वर्षे ७.

- कामाचे तास : पुरुषांसाठी पहिली मर्यादा १९११ मध्ये, तीही कापड गिरण्यांत १२ तासांची. १९२२ मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये १० आणि ५४ तास, तर १९४८ मध्ये ९ आणि ४८ तास. पहिल्या मर्यादेलाच लागलेली वर्षे २७.

- अपघाताची भरपाई : १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. लागलेली वर्षे ३९. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला.

- पगाराची तारीख : १९३६ चा वेतन प्रदान कायदा. एक हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, इतरत्र १० तारखेपर्यंत पगार देणे बंधनकारक झाले. लागलेली वर्षे ५२.

सर्वांत साधी वाटणारी मागणी सर्वांत उशिरा पूर्ण झाली. एक दिवस गिरणी बंद ठेवण्यापेक्षा कामगाराचे पैसे वेळेवर सोडणे मालकांना अधिक जड गेले.

आजच्या नोकरदाराशी याचा संबंध काय?

नोकरी सोडल्यावर शेवटचा हिशेब महिनोन्महिने अडकणे, नोटीस कालावधीच्या अटी, कामावरून सुटल्याचे पत्र अडवून ठेवणे, सुटीच्या दिवशी फोनवर काम करावे लागणे, नोकरी लावून देण्यासाठी पैसे घेणारे मध्यस्थ, या आजच्या सर्वसाधारण तक्रारी आहेत. यंत्राच्या जागी संगणक आला आणि जॉबरच्या जागी एजन्सी आली, पण अडवून धरण्याची तऱ्हा जुनीच आहे.

१९३६ च्या कायद्यानुसार कामावरून काढलेल्या व्यक्तीचे वेतन दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत देणे आवश्यक होते. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात राजीनामा देणाऱ्यालाही हीच दोन कामाच्या दिवसांची मुदत दिली आहे आणि मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देण्याचे बंधन आहे. घरपोच सेवा देणाऱ्या गिग कामगारांचा उल्लेख २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. मात्र त्यांच्या कामाचे तास आणि आठवड्याची सुटी हा प्रश्न अजून खुला आहे. मोबाइलमधील ॲप बंद ठेवले तर सुटी, पण त्या दिवसाची कमाईही बंद, अशी त्यांची स्थिती आहे.

लोखंडे यांच्या स्मरणार्थ केंद्र सरकारने २००५ मध्ये टपाल तिकीट काढले. मुंबईत परळ येथील महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. गिरणगावात ना. म. जोशी मार्ग आहे, पण तो आयटकच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नारायण मल्हार जोशी यांच्या नावाचा. दोघांची आद्याक्षरे सारखी असल्याने अनेकदा गल्लत होते. जोशी यांचे काम सुरू झाले ते लोखंडे यांच्या मृत्यूनंतर. तोपर्यंत पाचपैकी दोनच मागण्या पूर्ण झाल्या होत्या.